जुना इंटेक्स फ्रेम पूल (15 फूट × 48 इंच): घ्यावा का, आणि घेतला तर कसा उभा करावा

लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) उलटला की अमेरिकेत फेसबुक मार्केटप्लेसवर वापरलेल्या फ्रेम पूलच्या, म्हणजे धातूच्या सांगाड्यावर अंगणात उभ्या होणाऱ्या पोहण्याच्या पूलच्या, जाहिरातींची रांग लागते. हिवाळ्यात ठेवायला जागा नसते, म्हणून लोक मिळेल त्या भावाला काढून टाकतात. न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियाकडच्या आपल्या मंडळींसाठी खरेदीचा खरा मोसम हाच. त्यात इंटेक्सचा 15 फूट व्यासाचा, 48 इंच उंचीचा मेटल फ्रेम पूल हमखास दिसतो. पाणी मावतं 4,440 गॅलन, म्हणजे जवळपास 16,800 लिटर. सांगाडा धड असेल तर नव्या सेटच्या एक तृतीयांश किमतीपर्यंत जरूर घ्यावा. सांगाडा पोखरलेला असेल तर फुकट मिळाला तरी घेऊ नये.

पैसे देण्याआधी एक गोष्ट माहीत हवीच. जुलै 2025 मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने इंटेक्स, बेस्टवे आणि पॉलीग्रुप या तिन्ही कंपन्यांच्या 48 इंच व त्याहून उंच अशा सुमारे 50 लाख पूलांसाठी रिकॉल, म्हणजे धोकादायक माल दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचा इशारा, जाहीर केला. उभ्या खांबांच्या बाहेरून फिरणाऱ्या पट्ट्यावर पाय ठेवून लहान मुलं वर चढतात. अशा घटनांत 9 मुलं बुडून गेली. 2002 पासून विकलेले पूल यात येतात, त्यामुळे जुना पूल घेताना हे तुम्हाला लागू आहे असंच धरून चाला. कंपनीकडे मॉडेल क्रमांक कळवला की दुरुस्तीचा दोर मोफत मिळतो. तो खांबांभोवती जमिनीलगत आवळायचा आणि मगच जुना पट्टा कापायचा. क्रम उलटा करू नका, कारण खांबांना बाहेर सरकू न देण्याचं काम तोवर तो पट्टाच करत असतो. काम झाल्यावरही कुंपण हवं आणि शिडी रोज काढून ठेवायची. अनेक गावांत 24 इंचांहून खोल पाण्याला परमिट लागतं, तेव्हा टाउनशिपमध्ये (गावच्या स्थानिक कचेरीत) आधी विचारा.

आता सांगाडा. गंज बाहेरून दिसतो त्यापेक्षा आत जास्त असतो. उड्या मारताना उडालेलं पाणी पिनांच्या भोकांतून आडव्या नळ्यांत शिरतं आणि टी-जॉइंटजवळ (आडव्या नळ्या आणि उभा खांब जोडणाऱ्या T आकाराच्या तुकड्याजवळ) साचून राहतं. म्हणून प्रत्येक नळीच्या टोकाला, खालच्या बाजूने, स्क्रू ड्रायव्हर जोराने दाबून बघा. पत्रा दबला तर ती नळी बाद. एक-दोन नळ्या बदलता येतात, पण भाग मॉडेल आणि आकारानुसार वेगळे असतात, तेव्हा लाइनरवरचा (सांगाड्यात बसणाऱ्या, पाणी धरणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीवरचा) क्रमांक वाचल्याशिवाय काही मागवू नका. मिठाच्या पाण्याची यंत्रणा लावली होती का, हे विक्रेत्याला विचारा. हो म्हणाला तर दुप्पट बारकाईने तपासा, कारण मिठाने गंज लवकर चढतो.

वरवरचा गंज तारेच्या ब्रशने आणि 120 नंबरच्या सँडपेपरने काढा, झिंक प्रायमरचा एक हात आणि इनॅमल स्प्रेचे दोन हात द्या. नळीच्या आतही रस्ट कन्व्हर्टर (गंज थोपवणारं रसायन) ओतून निथळू द्या. हा भाग बहुतेक जण सोडतात, आणि नळी पुन्हा तिथूनच जाते.

लाइनर तीन थरांचा असतो: दोन बाजूंना पीव्हीसी, मध्ये पॉलिस्टरची जाळी. तो उन्हात पसरून मऊ झाल्याशिवाय उलगडू नका. गारठलेल्या लाइनरला घडीवर चिरा पडतात. बुरशीला एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी आणि मऊ ब्रश. त्यात व्हिनेगर किंवा कोणतंही आम्ल अजिबात मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. बारीक भोकं उजेडासमोर धरून शोधा. ठिगळ गोल कापा, कारण कोपरे आधी सुटतात. भोकाच्या चहूबाजूंनी दोन इंच जास्त ठेवा, जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि व्हिनाइल सिमेंटने आतून चिकटवा. सपाट भागावरची पाच-सहा ठिगळं चालतात. तळ आणि भिंत यांची शिवण सुटली असेल तर मात्र दुरुस्तीच्या नादी लागू नका.

सगळ्यात जास्त मेहनत जमिनीवर घ्यावी. भरलेला पूल जवळपास 17 टनांचा असतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फरक इंचाच्या आत हवा, नाहीतर उताराकडचे खांब बाहेर झुकतात. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी पाहतात तशी लेव्हल पाहा. उंच बाजू खोदून खाली आणा. खोलगट बाजूला भर घातली तर ती वजनाने बसते. खांबांखाली 16 इंची काँक्रीटच्या लाद्या जमिनीच्या बरोबरीने गाडा. तळाला एक इंच जाडीचे फोम बोर्ड: 4 × 8 फुटांचे 8 बोर्ड 16 × 16 फुटांत बसतात, मग कोपरे गोलाईत कापायचे. हा खर्च टाळू नये.

पंपाचे पाइप जोडताना ओ-रिंग (गळती रोखणाऱ्या रबरी चकत्या) नव्या घाला आणि त्यांना सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलिनने रबर फुगतं. पाणी एक इंच चढलं की होज बंद करून मधून कडेकडे सुरकुत्या सारा. पुढे ते जमत नाही. मिनिटाला 9 गॅलन देणाऱ्या होजने पूल भरायला आठ तास लागतात, त्यामुळे सकाळी सुरू करा आणि खांब उभे आहेत ना, ते पाहत राहा.

सोबत आलेला छोटा कार्ट्रिज पंप (कागदी गाळणीतून पाणी गाळणारा) या आकाराला अपुरा वाटतो. सँड फिल्टर (वाळूतून पाणी गाळणारा) मिळाला तर घ्याच. तारेचं आवरण तडकलेलं असेल किंवा प्लगवरचं टेस्ट बटण चालत नसेल तर पंप टाकून द्या. एक्स्टेंशन कॉर्ड वापरू नका.

पहिल्या भरण्याला 500 ग्रॅम सायान्युरिक आम्ल (क्लोरिन उन्हात लवकर उडू न देणारं) पायमोज्यात भरून पंपातून पूलात परत येणाऱ्या धारेसमोर टांगा. पातळी 30 पीपीएम (दहा लाख भागांत 30 भाग) होते. 10 टक्क्यांच्या द्रव क्लोरिनचे 170 मिलिलिटर म्हणजे या पूलात 1 पीपीएम. रोज 2 ते 4 पीपीएम आणि पीएच 7.2 ते 7.6 राखा. ट्रायक्लोरच्या गोळ्या आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट ही क्लोरिनची दोन वेगळी रसायनं एकाच डब्यात किंवा फ्लोटरमध्ये (पाण्यावर तरंगणाऱ्या गोळ्यांच्या डबीत) कधीही ठेवू नका, आग लागते.

ऑक्टोबरमध्ये पूल उतरवा, लाइनर पूर्ण वाळवा, टाल्कम पावडर भुरभुरून सैल घडी घाला आणि उंदीर पोहोचणार नाहीत अशा झाकणाच्या पिंपात ठेवा.