जुन्या पाट्यांवर नवं रेडियम : आठ महिन्यांनंतर

आमच्या ग्रामपंचायतीच्या गोडाऊनात ब्लीचिंग पावडरच्या पोत्यांमागं रस्त्याच्या पाट्या पडून होत्या. वळण, गतिरोधक, शाळा. काही २०१९ आणि २०२१ च्या पुरात निघालेल्या, बाकीच्या उन्हानं पांढऱ्या पडलेल्या. भंगारवाला किलोवर न्यायला टपलेलाच. मी पलूस तालुक्यातल्या या गावचा सदस्य. मासिक सभेत म्हटलं, पत्रा दीड मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमचा आहे, त्याला काय झालंय? गेलंय ते वरचं रेडियम. मग दिवाळीआधी गावातल्या आणि शिवारातल्या रस्त्यांवर २२ पाट्या नव्या करून लावल्या. राज्यमार्गावरच्या पाट्या बांधकाम विभागाच्या, तिकडं गेलो नाही.

रेडियम म्हणतो आपण, पण त्यात रेडियम नसतं. बारीक काचमणी किंवा प्रिझम असतात, उजेड आला त्याच वाटेनं माघारी धाडतात. पहिल्या रात्री सरपंचांनी बॅटरी कमरेशी धरली आणि म्हणाले, "चमकत न्हाई की ओ." म्हटलं, कपाळाला लावून बघा. लावली, मग गप्प झाले.

गळीत हंगामात खरा कस लागला. रात्रभर उसाच्या ट्रॉल्या. पुलाजवळचं वळण आता लांबूनच कळतं, असं दोन-तीन ट्रॅक्टरवाल्यांनी आपणहून सांगितलं. धुरळ्यानं पाट्या मंदावतात, पण ओल्या फडक्यानं पुसल्या की परत तशाच. एका पाटीला ट्रॉलीबाहेर आलेल्या उसानं ओरखडलं, तिचा खांब फूटभर मागं घेतला. चोरीला एकच गेली. बाकीच्यांच्या बोल्टची टोकं नटावर ठोकून चपटी केली होती.

आता रडगाणं. जुनं रेडियम काढणं हेच निम्म्याहून जास्त काम. हीट गननं तापवून खरवडायचं, तुकडे-तुकडे निघतात, मागं चिकट गोंद राहतो, तो थिनरनं घासायचा. शेवटच्या पाच पाट्यांना कारागिरानं घाई केली. मे महिन्यात त्यातल्या चारांच्या कडा सुटल्या. पोचे नीट न काढलेल्या जागी फुगे आलेत. दोन पाट्या लोखंडी होत्या, त्यांचा गंज आतून वर आला आणि रेडियमसकट पोपडे निघाले. लोखंडी पत्रा खुशाल भंगारात द्या.

सगळ्यात मोठी चूक लाल रंगात झाली, आणि ती आमचीच. पांढरं रेडियम चांगलं घेतलं, पण त्रिकोणाची किनार नंबरप्लेटवाल्याकडच्या साध्या लाल स्टिकरनं कापून घेतली, पैसे वाचले म्हणून खूश! पश्चिमेकडं तोंड असलेल्या पाट्यांची किनार आज गुलाबी आहे. रात्री तर ती लाल दिसतच नाही, काळपट दिसते. पांढऱ्या रेडियमवर पारदर्शक लाल फिल्म लावली असती तर उजेड आतून परतला असता आणि अंधारातही लालच दिसला असता. पाट्यांचे आकार, रंग आणि रेडियमचे प्रकार आयआरसी ६७ मध्ये, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या रस्त्यावरच्या पाट्यांच्या नियमावलीत दिलेले आहेत. आम्ही ते काम झाल्यावर वाचलं.

कडा सुटलेल्या पाट्या आणि गुलाबी किनारी पावसाळ्याआधी पुन्हा नव्यानं करायच्या आहेत. या वेळी थिनर मारल्यावर प्रत्येक पत्र्यावरून बोट फिरवून बघायला मी स्वतः उभा राहणार. चिकट लागलं तर परत घासायला लावणार.