जुनी ८०० की जुनी ओम्नी? चौघांनी लांबच्या रॅलीला निघण्याआधी

स्वस्तातली जुनी गाडी घ्यायची, चौघांनी मिळून किनाऱ्या-किनाऱ्याने गोव्यापर्यंत उतरायचं आणि आंबोलीने वर चढून कोल्हापूरमार्गे घरी यायचं, हा बेत मुंबईतल्या बहुतेक मित्रमंडळांत वर्षातून एकदा तरी शिजतो आणि बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅपवरच विझतो. ज्यांचा अजून विझलेला नाही आणि आता ‘गाडी कुठली’ यावर घोडं अडलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी दोन्ही गाड्या नेल्यात. आधी ओम्नी, मग मारुती ८००. माणसं तीच, वाटही साधारण तीच. ओम्नी भर पावसात गेली आणि ८०० दिवाळीनंतर, त्यामुळे तुलना शंभर टक्के न्यायाची आहे असं मी म्हणणार नाही. तरी माझं मत बऱ्यापैकी पक्कं झालंय.

आमच्या ग्रुपचा नियम एकच: टायर आणि बॅटरी सोडून गाडीची किंमत पाऊण लाखाच्या आत. शर्यत नाही, वेळ लावायची नाही, फक्त स्वतःच्या चाकांवर परत यायचं. मंगोल रॅली २००४ मध्ये इंग्लंडहून मंगोलियाकडे सुरू झाली, तिथे तर मुद्दाम छोट्या इंजिनाच्या टुकार गाड्या न्यायचे. तिकडच्या मंडळींना अशी गाडी शोधावी लागत असेल. आपल्याकडे ती सोसायटीच्या मागच्या भिंतीला टेकून, कव्हरखाली, कुणीतरी विचारण्याची वाट बघत उभी असते.

प्रीमियर पद्मिनीचं नाव निघणारच, म्हणून आधीच सांगतो. कुर्ल्याच्या कारखान्यातली, आपली, काळी-पिवळीची गाडी. ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सीतली शेवटची पद्मिनी निवृत्त झाली तेव्हा मलाही वाईट वाटलं. पण धड अवस्थेतली पद्मिनी आता हौशी लोकांच्या भावाने मिळते, पाऊण लाखात जी येते ती गाडी कमी आणि टिंकरिंगवाल्याची पेन्शन जास्त. शिवाय उन्हात घाट चढताना इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप तापून एअर लॉक झाला, की ओलं फडकं गुंडाळून तो थंड होईपर्यंत दरीकडे बघत बसायचं. ज्यांना त्यातच मजा आहे त्यांनी जरूर न्यावी.

तर ८०० आणि ओम्नी. गंमत अशी की दोघींचं इंजिन मुळात एकच, ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं. फरक ते ठेवलंय कुठे याचा. ८०० मध्ये ते बॉनेटखाली आहे आणि पुढची चाकं ओढतात. ओम्नीत ते पुढच्या सीटच्या खाली आहे आणि मागची चाकं ढकलतात. बाकीचं सगळं बरंवाईट यातूनच येतं.

कागदांचं आधी बघा. मुंबईत एप्रिल २०१० पासून भारत स्टेज चार हे धुराचे निकष लागू झाले आणि इथे ८०० ची विक्री थांबली. इतरत्र ती जानेवारी २०१४ पर्यंत बनत होती, पण एमएच ०१, ०२, ०३ वर नवी म्हणून नोंदलेली कुठलीही ८०० आज पंधरा वर्षांच्या पुढचीच असणार. म्हणजे पुन्हा पासिंग, नोंदणीचं नूतनीकरण आलं. त्याची फी २०२२ मध्ये पाच हजार झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी दहा हजार. वर पर्यावरण कर आणि नवी नंबरप्लेट. पाऊण लाखाच्या गाडीला हा आकडा लागतो. ओम्नी २०१९ पर्यंत येत होती, त्यामुळे पंधराच्या आतली ओम्नी मिळू शकते. ती मात्र आमच्या बजेटात बसली नव्हती. आणि स्वस्तात मिळणारी ओम्नी बहुधा राबवलेली असते: शाळेची मुलं, लाँड्री, पावाच्या लाद्या, केटरिंगची पातेली. मीटरवर काय लिहिलंय ते वाचूच नका. जुनी ८०० पुष्कळदा एखाद्या निवृत्त काकांची निघते, सीटवर टॉवेल आणि डॅशबोर्डवर गणपती. कुठली जास्त सांभाळलेली असेल ते वेगळं सांगायला नको.

सामानाच्या बाबतीत ओम्नीशी कुणी वाद घालू नये. चौघांच्या बॅगा, स्टेपनीव्यतिरिक्त आणखी एक टायर, पेट्रोलचा रिकामा कॅन, शेगडी, चटया, सगळं मागे टाकून वर एक जण आडवा होऊ शकतो. गुहागरकडे जाताना जेट्टीवर शेवटची फेरी चुकली तेव्हा दोघे खरंच आत झोपले. ८०० ची डिकी म्हणजे दोन सॅक आणि एक स्टोव्ह. उरलेलं वर कॅरियरवर. रोज रात्री दोरी सोडायची, रोज सकाळी ताडपत्री घालून बांधायची आणि दहा किलोमीटरवर थांबून परत आवळायची. हे काम कुणाचं, यावरून आमच्यात दोन दिवस अबोला होता.

फेरीबोटीवरही ओम्नी सरस. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, आगरदांडा-दिघी, कुठेही जा. ओहोटीला जेट्टीचा उतार ओला आणि शेवाळलेला असतो. मागे सामान भरलेली ८०० बोटीतून वर चढताना पुढची चाकं जागच्या जागी फिरवते आणि खलाशी ‘उतरा, उतरा’ म्हणून ओरडतात. दोघे उतरले की चढते. ओम्नीत वजन मागे आणि जोरही मागेच, ती निमूट चढली.

पावसात तर ओम्नीने चकितच केलं. कुंभार्ली घाटात ती दोनच सिलिंडरवर लंगडी चालायला लागली. धुकं, वरून धो धो पाऊस, पलीकडून एसटी. पुढच्या डाव्या सीटवरच्याला मागे पाठवलं, सीट उचलली, आणि खाली इंजिन. प्लगची वायर निसटली होती. कोरड्या जागी बसून, टॉर्च दातात धरून, ती परत बसवली आणि सीट खाली केली. गाडीबाहेर कुणी पाऊलसुद्धा टाकलं नाही. ८०० चं बॉनेट अशा पावसात उघडायचं म्हणजे दोघांनी ताडपत्री धरायची आणि तिसऱ्याने तिच्याखाली वाकायचं.

इतकं कौतुक केल्यावर मी ओम्नीच सांगणार असं वाटेल. पण मला तिच्यात परत बसायचं नाहीये.

सीटखालच्या उष्णतेबद्दल सगळेच बोलतात. ती आहे. पनवेल ते पेण गर्दीत अडकलात की पुढचे दोघे खालून शेकून निघतात, गोणपाट घाला नाहीतर काही घाला. पण तिची सवय होते, आणि पाळीपाळीने जागा बदलता येतात. माझी तक्रार आवाजाची आहे. साठच्या पुढे गेलं की ते इंजिन पुढच्या दोघांच्या बुडाखाली जे घुमायला लागतं, ते थांबेपर्यंत घुमतच राहतं. त्यात सरकत्या दाराची खडखड आणि पत्र्यावर पाऊस. पुढच्यांनी मागे वळून ओरडायचं, मागच्यांनी सीटमधून मान काढून ‘काय?’ म्हणायचं.

‘डावीकडे वळायचं होतं!’

‘काय?’

‘अरे डावीकडे!’

‘हो, चहा घेऊ ना!’

पहिल्या दिवशी याचं हसू आलं. माणगावनंतर ओरडून सांगण्याइतकं महत्त्वाचं काही उरलं नाही. पुढचे दोघे रस्त्याबद्दल बोलायचे, मागचे दोघे कानात बोंडं घालून मोबाइलवर. संध्याकाळी जेवायला बसलो की दोन वेगळ्या गाड्यांतून आल्यासारखे एकमेकांना दिवसभराचं सांगायचो. आता चौघांनी नोकरीधंद्यातून रजा काढून, घरच्यांची समजूत घालून, जुन्या डब्यातून जायचं ते कशासाठी? बघायला तर कोकण रेल्वेनेही जाता येतं. आम्हाला गप्पा मारायच्या होत्या आणि गाडी मारू देत नव्हती. कुणी म्हणेल, मध्ये फेल्ट लावा, इंजिनाच्या झाकणाला रबर लावा. लावलं होतं. माझ्या कानांना फार फरक कळला नाही, तुमच्या ओम्नीत कळेलही.

८०० शांत आहे असा दावा नाही. पण तिच्यात आवाज बॉनेटकडून येतो, आणि चौघांची डोकी इतकी जवळ असतात की मागच्याने पुटपुटलेली शिवीसुद्धा चालवणाऱ्याला ऐकू जाते. गुडघे पुढच्या सीटच्या पाठीत रुततात, खांद्याला खांदा घासतो, शेंगदाण्याची एकच पुडी चौघांत फिरते. हातखंब्याला सुरू झालेला वाद (विषय: कॉलेजमधल्या एका सामन्यात पंचाने दिलेला रनआउट) राजापूर, कणकवली करत सावंतवाडीपर्यंत चालला आणि मिटला नाही. हे ओम्नीत झालं नसतं. उंच माणसांना मागे त्रास होतो हे खरं. आमच्यातला सहा फुटी मित्र दर तासाला उतरून ‘पाय मोकळे करतो’ म्हणायचा, आणि तेवढ्यात टपरी दिसली की सगळेच उतरायचे.

चालवायलाही मला ८०० जास्त बरी वाटली. ओम्नी शंभरेक किलोने जड, त्यात उंच आणि सपाट बाजूंची. मोकळ्या पुलावर आडवा वारा लागला की स्टिअरिंग घट्ट धरावं लागतं. आंबोली दोघींनी चढली, दोघींनी बहुतेक दुसऱ्या गिअरवर. ८०० मध्ये मधूनच तिसरा टाकायचा धीर झाला, एवढंच. आणि एक गोष्ट गमतीत सांगण्यासारखी नाही: ओम्नीत पुढच्याच्या गुडघ्यांपुढे पत्रा आणि मग समोरचा ट्रक. ८०० काही फार सुरक्षित गाडी नाही, तिच्यातही एअरबॅग-बिअरबॅग काही नाही, पण पुढे इंजिनाएवढं तरी अंतर आहे. दोन्हींपैकी काहीही न्या, अंधार पडल्यावर मुंबई-गोवा महामार्गावर चालवू नका. डायव्हर्जनचे बोर्ड कुठे असतील आणि कुठे नसतील याचा नेम नसतो.

दुरुस्तीचं दोघींचं सारखंच, म्हणजे सोपं. चिपळूण, लांजा, कुडाळ, कुठेही पत्र्याच्या शेडमध्ये तोंडात मावा धरून बसलेला माणूस या इंजिनाचा आवाज ऐकूनच सांगतो काय झालंय. निघण्याआधी सीएसटी रोडला कुर्ल्यात एक चक्कर मारा: क्लच केबल, अ‍ॅक्सिलरेटर केबल, फॅन बेल्ट, एक जुनी कॉइल, होजपाइप आणि क्लिपा. कार्ब्युरेटरवाली गाडी असेल तर पेट्रोलचे सगळे रबरी पाइप नवे टाका. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. जोडाशी बोट फिरवा, ओलसर आणि चिकट लागलं की समजा. जमलं तर एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनवाली) ८००च बघा, चोक आणि पॉइंटची कटकट नसलेली.

पाच जण असाल तर मात्र विषय संपला, ओम्नी घ्या. ८०० मध्ये पाच धडधाकट माणसं बसतात, पण पुण्यापर्यंत. कुणी कॅमेऱ्याच्या पेट्या नेणार असेल, कुत्रा नेणार असेल, किंवा गाडीतच झोपायचा बेत असेल तरीही ओम्नी. तुमच्यातले दोघे मुळातच कमी बोलणारे असतील तर तुम्हाला माझी तक्रार कदाचित जाणवणारही नाही. चौघे असाल, बोलणारे असाल आणि दोरी बांधायला एक जण आनंदाने तयार असेल, तर मी ८०० कडे बोट दाखवीन.

घ्यायला जाल तेव्हा रंग बघू नका. डिकीतली मॅट उचला, स्टेपनी बाहेर काढा आणि खालच्या पत्र्यावर अंगठ्याने जोरात दाबा. मुंबईच्या खाऱ्या हवेत गाडी आधी तिथे सडते. मग चारी दारांच्या खालच्या कडा, बॅटरीखालचा ट्रे आणि पुढच्या सस्पेन्शनच्या वरचा पत्रा. काकांनी ‘रोज पुसायचो’ म्हटलं तरी दाबा. अंगठा आत गेला तर चहा घ्या आणि निघा.