जुळे सोलापुरातली आमची सोसायटी: फ्लॅटचं राहू द्या, कमिटीचं सांगते

फ्लॅट बघायला गेलं की एजंट हॉलची लांबी-रुंदी सांगतो, पूर्वेची बाल्कनी दाखवतो, आसरा चौक गाडीवर किती मिनिटं ते सांगतो. कमिटी कशी आहे ते कोणी सांगत नाही, आणि राहायला आल्यावर रोजचा संबंध तिच्याशीच येतो. म्हणून हा रिव्ह्यू कमिटीचा. सोसायटीचं नाव घालत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि मला इथेच राहायचंय. जुळे सोलापूर, विजापूर रोडची बाजू, तीन विंग, लिफ्ट आहे, इमारत पंधराएक वर्षांची. एवढं पुरे.

मी बँकेत कर्जाच्या टेबलावर बसते. लोकांच्या घरांचे कागद तपासण्यातच नोकरी गेली. बदल्यांमुळे बार्शी, पंढरपूर, लातूर असं भाड्यानं राहून झालंय, त्यामुळे भाडेकरू म्हणून कमिट्या कशा वागतात तेही माहीत आहे. आता पहिल्यांदा मालक म्हणून, रीसेलचा फ्लॅट घेऊन राहायला आले.

आधी चांगलं सांगते. पहिल्याच भेटीत सेक्रेटरींनी (त्यांना सगळे अण्णाच म्हणतात) पिन मारलेली चार पानं हातात दिली. म्हणाले, "ताई, हे आधी वाचा, मग टोकन द्या. मागनं भांडण नको." सोसायटीचे नियम आणि सगळे आकडे, मराठीत, टाइप केलेले. होटगी रोडला एका ठिकाणी आम्ही फ्लॅट बघितला होता, तिथल्या कमिटीनं 'बिल्डिंग फंड' म्हणून पाऊण लाख सांगितले आणि पावती पंचवीस हजाराचीच मिळेल असंही सांगितलं. हस्तांतर अधिमूल्य, म्हणजे फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते ते प्रीमियम, महापालिका हद्दीत 25,000 रुपयांच्या वर घेता येत नाही, हा सरकारचा आदेश 2001 चा आहे. देणगी म्हणा, विकास निधी म्हणा, नाव बदललं तरी वरचे पैसे बेकायदाच. इथल्या चार पानांत तो आकडा स्वच्छ लिहिलाय, शेजारी हस्तांतर फी 500, प्रवेश फी 100. घर मुलाच्या किंवा बायकोच्या नावावर करायचं असेल तर अधिमूल्य लागत नाही, हेही खाली लिहिलंय. कोणी न विचारता! आमच्या टेबलावर येणाऱ्या निम्म्या लोकांना हे ठाऊक नसतं.

अर्ज दिला, पुढच्याच मासिक सभेत ठराव झाला. कायद्यानं कमिटीला तीन महिने असतात, इथे तेवढे लागले नाहीत. भाग दाखल्याच्या (शेअर सर्टिफिकेटच्या) मागच्या बाजूला माझं नाव चढलं, खाली चेअरमन, सेक्रेटरी आणि एका कमिटी सदस्याची सही, वर ठरावाची तारीख. तो दाखला मी उलटसुलट करून बघितला. मागे आधीच्या दोन्ही मालकांच्या नोंदी तशाच नीट, कुठे व्हाइटनर नाही. असे दाखले क्वचित बघायला मिळतात.

आता पाणी, कारण सोलापुरात नवीन माणसाला पहिला धडा त्याचाच. बाहेरगावच्यांसाठी सांगते: उजनीचं पाणी शंभराहून जास्त किलोमीटर पाइपातून येतं, आणि तरी घरी नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. पाणी सुटायची वेळ महापालिकेच्या चावीवाल्याच्या हातात. कधी दुपारी, कधी रात्री दोनला. त्या वेळी खालचा हौद भरून घ्यायचा आणि मग तो पुढचे दिवस पुरवायचा, ही कोणत्याही कमिटीची खरी परीक्षा. आमच्याकडे वरच्या टाकीत दिवसातून दोनदाच पाणी चढवतात, सकाळी आणि संध्याकाळी, आणि वेळ पाळतात. पंपाच्या खोलीत एक वही लटकवलेली आहे. पाणी कधी सुटलं, हौद किती भरला, टँकर आला का, आला तर किती रुपयांचा, सगळं तिच्यात. कोणीही जाऊन बघावं. मेमध्ये टँकरचं बिल वाढलं तेव्हा ती वही सोडून कोणाला काही विचारावं लागलं नाही. चार पानांत एक कलम असं आहे: "पाणी आलेल्या दिवशी गाड्या धुऊ नयेत." पाणी न आलेल्या दिवशी तर प्रश्नच नाही, म्हणजे गाडी कधीच धुवायची नाही, हे लिहिणाऱ्याच्या लक्षात आलं नाही की मुद्दाम लिहिलं, कळत नाही.

पाण्याचे पैसे कसे वाटायचे यावर बहुतेक सोसायट्यांत डोकी फुटतात. आदर्श उपविधीत, म्हणजे सरकारनं सोसायट्यांसाठी दिलेल्या नमुना नियमांत, पद्धत दिलेली आहे: ज्या फ्लॅटला जितके नळ आणि ज्या मापाचे, त्याप्रमाणे. पण नळ मोजायला कोण जातंय? सगळीकडे सरसकट भागून टाकतात. इथे मोजतात. राहायला आल्यावर पहिल्याच रविवारी कमिटीतले एक निवृत्त गृहस्थ वही घेऊन आले. मिलमध्ये हिशेबनीस होते. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, वॉचमनशी हिंदी. चप्पल दाराबाहेर काढली, आधी स्वयंपाकघर, मग बाथरूम, एकेक नळ उघडून बघितला, "अर्धा इंची," असं स्वतःशीच म्हणत टिक करत गेले. बाल्कनीत आधीच्या मालकानं बेसिन बसवून एक नळ वाढवला होता. त्यांच्या यादीत तो नव्हता. "हा वापरणार का, ताई? नसाल तर प्लग ठोकून घ्या, मी येऊन बघतो, मग बिलात धरत नाही." मी बेसिन ठेवलं, नळ बिलात चढला. रक्कम किरकोळ आहे. पण हे ज्या कमिटीला करावंसं वाटतं तिच्या हिशेबावर माझा भरवसा बसतो.

बिलातल्या बाकीच्या ओळी पटकन सांगते. लिफ्ट, वॉचमन, सफाई सगळ्यांना सारखं, तळमजल्यालाही. तळमजलेवाले दर वार्षिक सभेत लिफ्टवरून भांडतात आणि दर वेळी उपविधी वाचून दाखवावे लागतात. सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) बांधकाम खर्चाच्या वर्षाला पाव टक्का, जमीन सोडून. थकबाकीवर व्याज सरळ पद्धतीनं, त्याला कमाल मर्यादा आहे, आमची कमिटी त्याहून कमी लावते. यात काही नाव ठेवायला जागा नाही.

नवीन कुटुंब आलं की त्याच मजल्यावरचं एक घर पहिल्या महिन्यासाठी त्याला जोडून देतात. घंटागाडी कधी येते, ओला-सुका कचरा कुठे, गच्चीची किल्ली कोणाकडे, फ्यूज गेला तर कोणाला हाक मारायची, हे त्या घरानं सांगायचं. आमच्या वाट्याला समोरच्या वहिनी आल्या. शेंगाचटणी आली, सोलापुरात ती येतेच, पण मला त्यांचा जास्त उपयोग झाला तो गच्चीच्या बाबतीत. गच्ची सगळ्यांची, कोणा एकाला देता येत नाही, असा नियम. पण एप्रिलमध्ये कुरडया-पापडाला गच्ची लागते आणि पारा चाळीसच्या वर गेलेला असतो, ऊन कोणालाच वाया घालवायचं नसतं. तेव्हा वहिनींनी जिन्याच्या दारामागे लावलेला तक्ता दाखवला: विंगप्रमाणे दिवस, आणि खाली कोणीतरी बॉलपेननं वाढवलेलं, "कबुतरं ज्याची त्यानं हाकलावी." दोन मजले खाली इंडीकडून आलेलं कुटुंब आहे. आजींना कन्नडच येतं. त्यांना अण्णांनी ती चार पानं कन्नडमधून बसून सांगितली, चहा पित, तासभर. आजींचा एकच प्रश्न होता म्हणे: दारापुढे रांगोळी चालते का? चालते.

आता तक्रारी. पहिली जुनी आणि मोठी: कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन आणि इमारत बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर होणं. इमारत उभी आहे, सोसायटी नोंदलेली आहे, वापर परवाना आहे, पण जमीन अजून बिल्डरच्याच नावावर. बिल्डर सही करत नसेल तर 2008 पासून कायद्यात मानीव अभिहस्तांतरणाची (डीम्ड कन्व्हेयन्सची) सोय आहे, सोसायटी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे स्वतः अर्ज करू शकते. आमच्याकडे फाइल तयार आहे असं दर वार्षिक सभेत सांगतात. मी फाइल बघायला मागितली. सात-बारा होता, मंजूर नकाशा होता, सभासदांच्या खरेदीखतांच्या इंडेक्स टू ची (नोंदणीच्या उताऱ्यांची) यादी अर्धी. उरलेली गोळा करणं हे काही मोठं काम नाही, लोकांच्या दारावर जायचं काम आहे. नळ मोजायला दारोदार जाणाऱ्या कमिटीला हे का जमू नये? विकत घेणाऱ्यांनी हा प्रश्न विचारावाच. मला खरं उत्तर मिळालं होतं, किंमत ठरवताना मी ते वापरलं.

दुसरी तक्रार जास्त लागते. चार पानं मालकांसाठी आहेत. भाडेकरूंसाठी वेगळेच नियम आहेत आणि ते कुठेच लिहिलेले नाहीत.

आमच्या वरच्या मजल्यावर सिव्हिलमधली एक नर्स भाड्यानं राहते, मोहोळकडची. करार नोंदवलेला, पोलिसांना कळवलेलं, सोसायटीला पत्र दिलेलं. उपविधीप्रमाणे याहून जास्त काही लागत नाही. भाड्यानं दिल्याचं बिनभोगवटा शुल्क मालकाकडून घेता येतं, तेही सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच, आणि ते इथे घेतात. तरी ती राहायला आली त्या दिवशी 'सामान चढवण्याचे' म्हणून तिच्याकडून वेगळे पैसे घेतले. माझं सामान त्याच लिफ्टनं वर गेलं, माझ्याकडून एक रुपया नाही. तिला चार पानं मिळाली नाहीत, जोडीला घर मिळालं नाही, ग्रुपवर घेतलं नाही. ग्रुप सभासदांचा! त्यामुळे उन्हाळ्यात पाणी चढवायच्या वेळा बदलल्या त्या तिला कळल्याच नाहीत. नाइटहून येऊन ती कोरड्या नळाखाली बादली लावायची आणि जार मागवायची. मला हे कळलं ते जिन्यात तिच्या दाराशी रिकामे जार बघून.

त्यातून गेट. रात्री अकराला कुलूप. तिची ड्यूटी कधी बाराला सुटते. वॉचमन मामा चांगला माणूस, पण झोप लागली की लागली. मी अण्णांना विचारलं, अकराचा नियम कुठे आहे? पानं चाळून बघितली मी, नाही त्यात. "लिहायचं कशाला, ताई? सगळ्यांना माहीत आहे की." आणि 'बॅचलर मुलांना देऊ नका' हे कुठे आहे? त्यावर चेअरमनच बोलले, आणि फार मोकळेपणानं बोलले: "लिहिलं तर कोणीतरी उपनिबंधकाकडे नेईल की, मॅडम."

म्हणजे टिकणार नाही हे त्यांना माहीत आहे, म्हणून लिहीत नाहीत. चार पानांबद्दल मला जे कौतुक वाटत होतं त्याला या वाक्यानं जरा खरचटलं. हीच माणसं बाल्कनीतला अर्धा इंची नळ सोडत नाहीत.

सप्टेंबरच्या वार्षिक सभेत मी विषय लेखी दिला होता. (30 सप्टेंबरच्या आत सभा घ्यावीच लागते, चौदा दिवस आधी नोटीस लागते, तुमच्याकडे होत नसेल तर तिथूनच सुरुवात करा.) चर्चा लांबली. तळमजलेवाल्यांनी मध्येच लिफ्ट काढली, हिशेबनिसांनी उपविधी काढले, मग परत आम्ही भाडेकरूंवर आलो. दोघी-तिघी माझ्या बाजूनं बोलल्या, त्यातल्या एकीचा मुलगा पुण्यात खोली शोधत फिरतोय आणि त्याला हेच ऐकावं लागतंय. सामानाचे पैसे बंद झाले, इतिवृत्तात आलं. पाणी आणि लाइटच्या सूचनांसाठी वेगळा ग्रुप झाला, त्यात राहणारे सगळे, मालक असोत नसोत. चार पानांच्या झेरॉक्स आता भाडेकरूंनाही देतात. गेटची दुसरी किल्ली द्यायची का यावर एकमत झालं नाही, 'सुरक्षेचा प्रश्न' म्हणून पुढे ढकललं. सध्या ती मामांना निघताना फोन करते आणि मामा उठून बसतात, दोघांची आपसातली व्यवस्था. बॅचलरांचा विषय चेअरमननी इतिवृत्तात 'चर्चा झाली' एवढाच घातला. तो पुढच्या सभेत मी परत लेखी देणार आहे.

तारे द्यायचे तर: हिशेब आणि कागदपत्रं पाच, पाणी पाच, कार्यालयाची वेळ तीन (फक्त रविवारी सकाळी, आणि अण्णा गावाला गेले की कुलूप), कन्व्हेयन्स एक, मालक म्हणून स्वागत साडेचार, भाडेकरू म्हणून दोन, सभेनंतर अडीच.

बी विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट सध्या विकायचा आहे आणि सी मध्ये एक भाड्यानं आहे. बघायला आलात तर चार पानं मागून घ्या, पंपाच्या खोलीतली वही चाळा, आणि भाड्यानं घेत असाल तर गेटचं काय झालं ते अण्णांना विचारा. माझं नाव सांगितलं तरी चालेल, त्यांना सवय आहे.