बर्फावरचा अशनी की बाजारातला?

अशनी, म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर पडलेले दगड, कोणी शोधावेत: वैज्ञानिक मोहिमांनी की खासगी शोधकांनी? मंगळावरून आलेले दोन दगड शेजारी ठेवून बघू.

पहिला ॲलन हिल्स ८४००१. १९८४ साली अमेरिकी मोहिमेने तो अंटार्क्टिकाच्या बर्फावरून उचलला. जागा, तारीख, सगळं नोंदवलेलं. तरी तो मंगळाचा आहे हे कळायला १९९३ उजाडलं!

दुसरा एनडब्ल्यूए (नॉर्थवेस्ट आफ्रिका) ७०३४, म्हणजे ‘ब्लॅक ब्यूटी’. सुमारे ३२० ग्रॅमचा हा काळा दगड सहारातून मोरोक्कोच्या विक्रेत्यामार्फत एका अमेरिकी संग्राहकाकडे आला आणि त्याने तो न्यू मेक्सिको विद्यापीठाला दिला. सापडल्याची नेमकी जागा नोंदलेली नाही. पण त्यात मंगळाच्या इतर अशनींपेक्षा सुमारे दहापट पाणी निघालं, शिवाय ४४० कोटी वर्षांपूर्वीचे झिरकॉन या खनिजाचे कण!

नोंदींच्या शिस्तीत मोहीम उजवी, यात वादच नाही. पण सहारा पालथा घालणाऱ्या भटक्यांइतके डोळे कुठली संस्था आणणार? माझा कौल म्हणूनच खासगी शोधकांना, एका अटीवर: नमुना संस्थेत जमा व्हावा. अशनीला अधिकृत नाव मिळायला २० ग्रॅम किंवा एकूण वजनाच्या २० टक्के, जे कमी असेल तेवढा भाग संस्थेत ठेवावा लागतो. अशनी विकणाऱ्यानेही हा नियम मनापासून पाळावा.