टॅलीचं इंटिग्रेशन बाहेर देताय? आधी हे वाचा, आमची फसवणूक झालीय

महापे एमआयडीसीत आमची छोटी सॉफ्टवेअर कन्सल्टन्सी आहे, सात-आठ माणसांची, आणि हे मुद्दाम लिहितोय कारण ठाणे-नवी मुंबईत आमच्यासारख्या कितीतरी कंपन्या आहेत आणि टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरला आमचं सॉफ्टवेअर जोडून देतो (इंटिग्रेशन) म्हणून ज्या पार्टीने आम्हाला फसवलं ती अजून बिनधास्त प्रपोजल पाठवत फिरतेय. नाव लिहीत नाही, प्रकरण वकिलाकडे आहे. पण त्यांनी नेमकं काय केलं ते लिहितो, म्हणजे तुमच्याकडे कोणी तसाच आला तर ओळखता येईल.

क्लायंट तुर्भ्याचा, मसाल्याचा होलसेल धंदा. ऑर्डर आणि गोडाऊनचं सॉफ्टवेअर आम्ही करून दिलेलं, हिशोब टॅलीप्राइममध्ये. शेठना एवढंच हवं होतं की गोडाऊनला डिस्पॅच मारला की टॅलीत सेल्सचं व्हाउचर (विक्रीची नोंद) आपोआप पडावं, तिथूनच ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) आणि ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा कागद) निघावं आणि गाडी सुटावी. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर टर्नओव्हर असलेल्या बहुतेक सगळ्यांना ई-इनव्हॉइस लागू झालंय, म्हणजे आयआरएन (पोर्टल बिलाला देतं तो नंबर) आणि क्यूआर कोड आल्याशिवाय ते बिलच धरलं जात नाही, त्यामुळे टॅलीत एन्ट्री अडकली की माल भरलेली गाडी गेटवर उभी.

हे काम घरात करायचं की बाहेर द्यायचं यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. एका पार्टनरचं म्हणणं होतं की आपल्याकडे टॅलीचा माणूस नाही, तयार कनेक्टर (दोन सॉफ्टवेअर जोडणारा प्रोग्राम) मिळतोय तर घ्या. ठाण्यातली ही पार्टी तेव्हा स्वतःला इंटिग्रेशन स्पेशालिस्ट म्हणवत होती, प्रपोजलमध्ये स्वच्छ लिहिलेलं की रिअल टाइम, एक्सएमएलने, पोर्ट ९००० वरून, म्हणजे सॉफ्टवेअर थेट टॅलीला डेटा देणार, मधे माणूस नाही. डेमो आमच्यासमोर दिला. आमच्या स्क्रीनवर डिस्पॅच मारला, चहा पिऊन होईपर्यंत टॅलीत व्हाउचर आलं, तंतोतंत. एवढा वेळ का लागला विचारलं तर म्हणे क्यू असते सर, लाइव्हला फास्ट होईल. साठ टक्के ॲडव्हान्स दिला, बाकीचे गो-लाइव्हला दिले, वर महिन्याचा मेंटेनन्स. क्लायंटच्या टॅलीच्या मशीनवर त्यांनी एनीडेस्क (लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर) टाकून घेतलं, मॉनिटरिंगसाठी लागतं म्हणून, आणि टॅलीत स्वतःचा एक वेगळा युजर काढून घेतला.

सुरुवातीला सगळं बरं चाललं. मग शेठचा फोन यायला लागला की संध्याकाळी आठनंतर मारलेले डिस्पॅच सकाळीच का पडतात, आमची तर रात्रीच लोडिंग असते. रविवारी तर काहीच पडायचं नाही. विचारलं की प्रत्येक वेळी नवीन कारण, सर्व्हर मेंटेनन्स, जीएसटी पोर्टल स्लो, तुमच्या क्लायंटचं नेट. आणि ही कारणं खरी वाटण्यासारखी असतात हेच वाईट आहे, कारण पोर्टल खरंच कधीकधी स्लो असतं.

खरी गोष्ट बाहेर काढली ती शेठच्या सीएच्या ऑफिसातल्या आर्टिकलशिप (सीएचं ट्रेनिंग) करणाऱ्या एका मुलीने. कंपन्यांना एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल चालू ठेवणं बंधनकारक आहे, टॅलीत त्याला एडिट लॉग म्हणतात, प्रत्येक व्हाउचर कोणी, किती वाजता केलं आणि नंतर कोणी बदललं सगळं दिसतं. तिने विचारलं की हा तुमचा इंटिग्रेशनचा युजर आधी व्हाउचर सेव्ह करतो आणि पाच मिनिटांनी त्यात क्वांटिटी सुधारतो, असं का? आम्ही लॉग उघडून बसलो. दुपारी दीड ते सव्वादोन रोज रिकामं. नॅरेशनमध्ये (व्हाउचरखालच्या टिपेत) तुर्भे तीन वेगवेगळ्या स्पेलिंगने. आमच्या सॉफ्टवेअरमधून एकच स्पेलिंग जातं, मशीनने ते असं तीन प्रकारे लिहिणं शक्यच नाही.

मग मी स्वतः क्लायंटच्या मशीनवर ब्राउझर उघडून लोकलहोस्ट (त्याच मशीनचा पत्ता) आणि पुढे ९००० टाकलं. टॅली सर्व्हर म्हणून चालू असेल तर तिथे टॅलीप्राइम सर्व्हर इज रनिंग अशी ओळ येते. काही आलं नाही. सेटिंगमध्ये बघितलं तर सर्व्हर मोडच बंद. म्हणजे प्रपोजलमधला कनेक्टर त्या मशीनवर कधी चाललेलाच नव्हता, ठाण्यात कोणीतरी पोरं बसून आमच्या ऑर्डर बघत एनीडेस्कवरून हाताने टॅलीत टायपिंग करत होती! आम्ही एनीडेस्कचा पासवर्ड बदलला आणि थोड्याच वेळात त्यांचा फोन आला की सर कनेक्टर डाऊन दाखवतोय, ॲक्सेस द्या.

राग पैशांपेक्षा दुसऱ्या गोष्टीचा आहे. शेठचा एक मोठा गिऱ्हाईक आहे, त्याचे दोन जीएसटी नंबर, एक महाराष्ट्राचा एक गुजरातचा. टायपिंग करणाऱ्याने चुकीचं लेजर (खातं) उचललं आणि इथल्या मालाला राज्यातल्या विक्रीच्या सीजीएसटी-एसजीएसटीऐवजी परराज्यातल्या विक्रीचा आयजीएसटी लावून आयआरएन काढून टाकला. आयआरएन पोर्टलवर २४ तासांच्या आतच कॅन्सल होतो आणि तोच बिल नंबर परत वापरता येत नाही. कळलं तोपर्यंत वेळ गेली होती, क्रेडिट नोट, नवीन बिल, गिऱ्हाइकाच्या अकाउंटंटचं बोलणं, सगळं शेठनी ऐकून घेतलं, ज्यांचा यात काहीच दोष नाही. शिवाय कोणाला किती भावाने माल जातो हे सगळं अनोळखी लोक रोज बघत होते.

जाब विचारला तर आधी म्हणे तो फॉलबॅक होता, कनेक्टर अडला तर पर्यायी सोय. मग कोड दाखवा म्हटलं तर कोड आमचा आयपी (बौद्धिक संपदा) आहे, देणार नाही. वाशीच्या वकिलांनी यावर जे सांगितलं ते प्रत्येक छोट्या कन्सल्टन्सीला माहीत पाहिजे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे तुमच्या पगारी माणसाने नोकरीत लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, कंपनीचा असतो. बाहेरच्याने लिहिलेला कोड मात्र तुम्ही पूर्ण पैसे दिले तरी त्याचाच राहतो, जोपर्यंत त्याच्या सहीने लेखी तुमच्या नावावर होत नाही, आणि त्या लेखात मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षंच धरली जाते. ॲग्रीमेंट त्यांच्या फॉरमॅटमध्ये होतं, त्यात यातलं एक अक्षर नव्हतं. पोलिस स्टेशनला हा सिव्हिल मॅटर आहे असं ऐकवलं, पण खोटं सांगून पैसे घेणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये बसतं, म्हणून एडिट लॉगच्या प्रिंट जोडून लेखी अर्ज दिलाय आणि नोटीसही गेलीय.

काम शेवटी आमच्याच एका मुलीने केलं, जिने आधी टॅली उघडलंही नव्हतं. अवघड नव्हतं असं म्हणणार नाही. लेजरचं नाव टॅलीत आहे तसंच्या तसं गेलं नाही की एन्ट्री परत येते. पैशांच्या राउंडिंगमध्ये एक पैसा इकडेतिकडे झाला की टॅली व्हाउचर टोटल्स डू नॉट मॅच म्हणून नाकारतं, त्यासाठी राउंड ऑफचं वेगळं लेजर टाकावं लागलं. नेट गेलं तर तेच बिल दोनदा पडू नये याची काळजी वेगळी. पण आता रात्री अकराला डिस्पॅच मारला तरी काही सेकंदात व्हाउचर पडतं, आणि अडलं तर का अडलं हे आम्हाला कळतं.

सगळंच घरात करा असं माझं म्हणणं नाही. पेमेंट गेटवे, एसएमएस, हे तयार घ्यावं, ई-इनव्हॉइस तर टॅली स्वतःच काढतं. पण क्लायंटच्या हिशोबाच्या वह्यांमध्ये जे लिहितं ते आपल्या माणसाच्या हातात हवं, छोट्या कंपनीत तर जास्तच, कारण क्लायंट ओळखतो फक्त आपल्याला.

तरी बाहेर द्यायचंच असेल तर डेमो त्यांच्या वेळेला बघू नका. रविवारी रात्री एकदम पाचपन्नास ऑर्डर टाका, त्यातल्या एका गिऱ्हाइकाच्या नावात मुद्दाम विचित्र स्पेलिंग ठेवा आणि ते टॅलीत जसंच्या तसं येतं का बघा. एनीडेस्क मागितलं तर कशासाठी ते लेखी घ्या आणि काम झालं की काढून टाका. आणि ज्यांच्याकडे असं काही आधीच चालू आहे त्यांनी समोरच्याला फोन करायच्या आधी एडिट लॉगची प्रिंट काढून ठेवा, टॅलीतला त्यांचा युजर बंद करा आणि ई-इनव्हॉइस पोर्टलवर त्यांच्यासाठी सब-युजर काढला असेल तर तोही बंद करा.