फॅमिलीसर्च: झाड सोडा, कागद धरा

माझ्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट चालत आलीये, की आपण ‘मेफ्लॉवर’वाले. 1620 साली ते जहाज इंग्लंडहून 102 प्रवासी घेऊन अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला आलं, त्यातले जवळपास निम्मे पहिल्याच हिवाळ्यात गेले. उरलेल्यांचे वंशज असणं इथल्या जुन्या गोऱ्या घरांत फार मानाचं. नवऱ्याला यात काडीचा रस नाही, सासूबाईंना मात्र आहे. त्यांच्यासाठी म्हणून फॅमिलीसर्च ही वंशावळी शोधायची वेबसाइट उघडली, आणि आता कित्येक महिने रात्री जेवणं उरकली की मी त्यातच असते.

आधी व्यवहाराचं. हे फुकट आहे, कार्ड मागत नाहीत. चालवतं सॉल्ट लेक सिटीचं मॉर्मन चर्च, हा अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ. त्यांच्यात मृत पूर्वजांच्या नावाने बाप्तिस्मा घेता येतो. वंशावळींची संस्था त्यांनी 1894 मध्ये काढली ती त्याच श्रद्धेपोटी. कुणाला हे खटकेल, त्यांनी आधीच विचार करावा. आपल्या हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यासुद्धा त्यांनी फोटो काढून जपल्यात, तेव्हा मी काही बोलत नाही.

आता झाडाबद्दल, म्हणजे वंशवृक्षाबद्दल. इथे ज्याचं त्याचं वेगळं झाड नसतं. सगळ्यांचं मिळून एकच, आणि मृत व्यक्तीच्या पानावर कुणीही हात चालवू शकतो. 1850 नंतरच्या पिढ्यांना हे ठीक चालतं, कारण त्या सालापासून अमेरिकेच्या जनगणनेत घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव येतं. 1790 ते 1840 पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीचे नुसते आकडे. 1890 ची जनगणना तर 1921 च्या आगीत आणि पाण्यात जवळजवळ सगळी गेली. रिकामी जागा दिसली की हौशी मंडळी ती भरून टाकतात. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या आसपासच्या ईशान्य अमेरिकेच्या, एकेका गावात एकाच नावाचे तिघे-चौघे असत, आणि त्यांच्या मागे लावलेलं सीनियर-ज्युनियर म्हणजे बापलेकच असं नाही; काका-पुतण्या असोत की नात्यातले नसोत, गावातला मोठा आणि धाकटा एवढंच. झाडात मात्र ते खुशाल बापलेक होऊन बसतात. शिवाय शंभर वर्षांपूर्वी गुस्ताव्ह आंजू नावाचा गृहस्थ श्रीमंतांना पैसे घेऊन बनावट वंशावळी करून द्यायचा. त्याचा माल अजून लोकांच्या झाडांतून फिरतोय.

तारखांचीही गंमत आहे. 1752 पूर्वी इंग्रजी वसाहतीत नवं वर्ष 25 मार्चला लागे. त्यामुळे एप्रिल 1731 मध्ये लग्न आणि फेब्रुवारी 1731 मध्ये मूल असं दिसलं, तर त्यात लफडं काही नाही; तो फेब्रुवारी एप्रिलनंतरचा. जाणकार तो फेब्रुवारी 1731/32 असा लिहितात. न जाणणारे मुलाला दुसरीच आई शोधून देतात.

मग मी हे का वापरते? कागदांसाठी. 2024 पासून त्यांनी पूर्ण मजकुरात शोधायची सोय आणलीये. संगणक हस्ताक्षर वाचतो, आणि अमेरिकेची जमिनीची खरेदीखतं, मृत्युपत्रं, इस्टेटीचे दस्त यांतला कुठलाही शब्द शोधता येतो. पूर्वी असल्या दस्तांच्या सूचीत जेमतेम मुख्य नावं सापडायची. आता आपला माणूस साक्षीदार असो, शेजारच्या शेताचा मालक असो की देणेकरी, हाती लागतो. संगणक वाचायला चुकतो, हे धरून चालायचं. आडनाव चारपाच प्रकारे टाकून बघावं.

मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर काउंटीतला (काउंटी म्हणजे जिल्हा) एक कागद असाच सापडला. शेतकरी वारला, विधवेचा एक तृतीयांश हिस्सा वेगळा काढलाय. तिला घराची पूर्वेकडची खोली, तळघराचा एक भाग, विहिरीपर्यंत जायची वाट आणि भट्टी वापरायचा हक्क. बाकीचं घर मुलाचं. म्हणजे एका चुलीवर सासू आणि सून, आणि कुणी कधी भाकरी भाजायची याला कोर्टाचा शिक्का! त्याच दप्तरात लग्न झालेल्या मुलींची नावं त्यांच्या नवऱ्यांसकट होती, आणि आमचा मेफ्लॉवर तिथेच बुडाला. ज्या मुलीवरून झाडात धागा जोडला होता, ती भलत्याच घरी दिलेली निघाली. आमचं घराणं 1630 च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्याच इप्सविच गावी आलेल्या एका शेतकऱ्याचं. सासूबाई दोन दिवस घुश्शात होत्या.

दुसरा कागद जड गेला. 1750 च्या दशकातली मालमत्तेची यादी: बैलजोडी, कथलाची ताटं, पिसांची गादी, आणि मध्येच ‘एक नीग्रो मुलगा’, पुढे पौंडांत किंमत. नाव नाही. मॅसॅच्युसेट्समधली गुलामगिरी कायद्याने मोडली ती 1783 च्या सुमाराच्या कोर्टाच्या निकालांनी, त्याआधी ती इथे होतीच. घरच्या ग्रुपवर तो फोटो टाकल्यावर एका नातेवाइकाचं म्हणणं पडलं, हे कशाला चव्हाट्यावर. सासूबाईंनीच त्याला गप्प केलं. मी तो कागद त्या पूर्वजाच्या पानाला जोडला. बहुतेक काळ्या कुटुंबांचे पूर्वज जनगणनेत नावानिशी येतात ते 1870 पासून. त्यामागे जायला त्यांना अशा याद्या आणि मृत्युपत्रंच धुंडाळावी लागतात, आणि ती बहुतेक आमच्यासारख्यांच्या पूर्वजांच्या नावाखाली पडलेली असतात.

इतरांना दाखवायला सोय बरी आहे. पंख्यासारखा तक्ता छापून मी सासूबाईंच्या भिंतीवर लावला. जिवंत माणसांची पानं सहसा परक्यांना दिसत नाहीत, हे उत्तम. मधल्या काळात पैसे घेणारी एक साइटही वापरून पाहिली. तिथल्या सूचना म्हणजे बव्हंशी दुसऱ्यांच्या झाडांचीच नक्कल निघाली, आणि सभासदत्व बंद करताना नाकी नऊ आले.

पाचपैकी चार स्टार, कापलेला एक झाडासाठी. काही कागदांवर कुलूप दिसेल. ते फक्त त्यांच्या केंद्रांत किंवा संलग्न वाचनालयांत उघडतात. आमच्या गावच्या वाचनालयात सोय होती, तुमच्याकडे आहे का विचारून घ्या. जाताना पेन ड्राइव्ह न्या आणि पानाचा फोटो उतरवताना खंड व पान क्रमांक तिथल्या तिथे लिहून ठेवा.