उभ्या गाडीला वारा कुठून लागला?

रॅम एअर इनटेक, म्हणजे समोरचा वारा थेट इंजिनात कोंबणारी नळी, बसवलं की पॉवर 15 टक्के वाढते, असं दुकानदार म्हणाला आणि मी भुललो. माझ्याच गाडीचे डायनोवरचे (गाडीची पॉवर मोजणाऱ्या यंत्रावरचे) दोन कागद त्याने दाखवले, किट बसवण्याआधीचा आणि नंतरचा. वाढ 7 टक्के दिसत होती. बाकीचे 8? "ते रस्त्यावर वारा लागला की येतील, साहेब." पैसे मोजून घरी आलो. पाय दाबला की बॉनेटखालून असा घुमारा यायचा की गाडी उडतेय असंच वाटे.

पुढच्या आठवड्यात चुलतभावाने ते कागद पाहिले. "अरे, डायनोवर गाडी जागची हलत नाही, नुसती चाकं रोलरवर फिरतात. मग हे 7 टक्के कुठल्या वाऱ्याने आले?"

तेव्हा आठवलं. पहिल्या चाचणीला बॉनेट बंद, आणि गाडी मी नुकतीच रहदारीतून तापवून आणलेली. दुसऱ्या वेळी बॉनेट उघडं आणि समोर भलाथोरला पंखा. हवा 10 अंशांनी थंड झाली की सुमारे 3 टक्के दाट होते, आणि तापलेल्या बॉनेटखाली 20-25 अंशांचा फरक सहज पडतो. 7 टक्क्यांचा हिशेब तिथेच लागला. एरवी माझी मूळ नळीसुद्धा जाळीमागून बाहेरचीच हवा घेत होती!

आता ते 'रस्त्यावरचे' 8. ताशी 100 किलोमीटरला समोरच्या वाऱ्याचा दाब जास्तीत जास्त 460 पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्काही नाही. वेग दुप्पट केला की दाब चौपट होतो, तरी 200 ला दोन टक्क्यांच्या आतच. 8 टक्के हवे असतील तर ताशी 400 च्या पुढे पळायला हवं, तेही नळीत, फिल्टरमध्ये काहीच वाया न जाता. रॅम एअर ही थाप नव्हे, हे मान्य. कावासाकीच्या 2021 च्या निन्जा झेडएक्स-टेनआरची पॉवर कंपनी 203 पीएस (हॉर्सपॉवरसारखंच एकक) सांगते, रॅम एअरसह 213. पण ती बाइक ताशी 300 च्या आसपास जाणारी, आणि तिचा एअरबॉक्स, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेची फिल्टरवाली पेटी, त्यासाठीच हवाबंद बांधलेला. माझी गाडी बहुतेक वेळ सिग्नलला उभी असते.

खरी धास्ती निराळीच होती. नव्या नळीचं तोंड त्याने खाली, बंपरच्या मागे काढलं होतं. डबक्यातून गाडी घातली आणि पाणी आत ओढलं गेलं, तर ते सिलिंडरमध्ये दबत नाही. पिस्टनला जोडलेला दांडा, कनेक्टिंग रॉड, वाकतो. इंजिन उतरवायचीच वेळ.

दुकानात गेलो. "आवाज तर मिळाला ना, साहेब?" पैसे परत मिळाले नाहीत. निदान माझा मूळ एअरबॉक्स तरी दे म्हटलं. किट बसवताना "आता हा काय कामाचा" म्हणत त्याने तो ठेवून घेतला होता. फडताळातून काढून, फडक्याने पुसून, तोच त्याने मला विकला.